ओळंब्याचे पाच खांब

गवंड्याला गावात सगळे ओळंब्या म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच. वाकडं दिसलं की या माणसाला अन्न गोड लागत नसे. कुणाकडे चहाला बसला तरी नजर चौकटीवर. "पाव सूत बाहेर आहे," असं म्हणायचा आणि यजमानाचा चहा कडू करायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, त्यातला पाव म्हणजे केसभरच की! पण खिशातून दोरी काढून पितळी ओळंबा सोडला की खरोखर पाव सूतच निघायचं. त्याचा शेजारी शिंपी म्हणायचा, "याची बायको अंथरुणात सरळ झोपते की तिरकी, तेसुद्धा हा मोजत असेल."

असा हा माणूस बावीस दिवस प्लास्टिकच्या कागदाखाली राहत होता.

एकटा नव्हे, सगळं गावच बाहेर आलं होतं. पहिला धक्का बसला तेव्हा लोक हसले होते. तिसऱ्याला कौलं घसरली. सातव्या दिवशी न्हाव्याच्या घराची पडवी बसली, आणि मग जो तो अंथरूण घेऊन वावरात पळाला. तेव्हापासून रोज दोनतीनदा खालून काहीतरी ढकलल्यासारखं व्हायचं. चुलीवरचं दूध डुचमळायचं, आणि मग थांबायचं. थांबल्यावर जास्त भीती वाटायची. पुढचा कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वरून थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. ओळंब्याच्या सुनेचं बाळ तेवीस दिवसांचं. घरात एक रात्र काढली त्याने, बाकी सगळं आयुष्य कागदाखाली. मुलगा ट्रक घेऊन लांब गेलेला, वाटेत अडकलेला. बाळाला खोकला झाला होता. एवढासा जीव, खोकताना सगळं अंग गोळा करायचा आणि मग रडायलाही त्याच्यात बळ उरायचं नाही. ओळंब्याची बायको त्याला पोटाशी धरून बसायची.

"अहो, किती दिवस असं?" ती विचारायची. "भूकंपाने मरायचं तेव्हा मरू, पण हे पोर थंडीनेच जाईल."

"उद्या बाई येतायत," ओळंब्या म्हणाला. "खांब मोजतील, सांगतील. मग जाऊ आत."

बाई म्हणजे भूकंप अभ्यासणाऱ्या बाई. सव्वाचार वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी गावामागच्या उतारावर एका ओळीत पाच खांब बांधून घेतले. गुडघ्याएवढे, डोक्यावर पितळेचा खिळा. बांधले ओळंब्यानेच. दोरी लावून, श्वास रोखून, अशी ओळ धरली की बाईंच्या दुर्बिणीतून पाचही खिळे एकामागे एक लपले. "मिस्त्री, कमाल केलीत," बाई म्हणाल्या होत्या. मग राखणही त्याच्याकडेच दिली. गवत काढायचं, गुरं घासू द्यायची नाहीत, बाकी हात लावायचा नाही. दर वर्षी त्या एकदा येत, दुर्बिणीतून बघत, वहीत लिहीत आणि जात. धक्के मोजणारी यंत्रं त्यांच्याकडे वेगळी होती. पण जमीन सरकते की नाही, हे खांबच सांगणार, असं त्यांचं म्हणणं. आता तालुक्याच्या साहेबांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. गाव आत पाठवायचं की नाही, ते बाईंच्या मोजणीवर ठरणार होतं.

दुपारी ओळंब्याने पहार, करणी आणि घमेलं घेतलं.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"खांबांभोवतीचं गवत काढून येतो. पाहुणे यायचे तर झाडलेलं बरं."

गवत त्याने सकाळीच काढलं होतं. त्याने पहिल्या खांबाच्या खिळ्याला दोरी बांधली आणि पहिल्या तिन्ही खिळ्यांच्या रेषेत पाचव्याच्या पुढपर्यंत ताणली. मग आडवा झाला, गाल मातीला लावला आणि एक डोळा मिटला. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही दोरीत. चौथा बाहेर. पाचवाही बाहेर. दोन्ही डावीकडे.

"तुझ्या मायला," ओळंब्या स्वतःशीच म्हणाला.

हे नवीन नव्हतं. बांधल्यावर वर्षभरातच त्याने पाहिलं होतं, शेवटचे दोन खांब अर्धं सूत सरकले होते. त्या दिवशी त्याला घाम फुटला होता. तीस वर्षांत त्याच्या हातचं काम जागचं सरकलं नव्हतं. आणि सरकलं ते नेमकं कुणासमोर, तर दुर्बीण घेऊन येणाऱ्या बाईंसमोर! पाया कच्चा राहिला, खालची माती भुसभुशीत, आपणच घाई केली, असं त्याला वाटलं. मग बाई यायच्या आदल्या दिवशी त्याने गुपचूप उजव्या अंगाने उकरलं, पहार लावून दोन्ही खांब ओळीत आणले, डाव्या अंगाला पडलेल्या फटीत वाळू-सिमेंटचा माल ओतला, वर माती चोपली आणि गवत पसरलं. बाई आल्या, बघितलं, खूश झाल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. चार वर्षं चाललेला हा उद्योग. बायकोलासुद्धा त्याने सांगितला नव्हता. सांगणार काय, आपलं काम वाकडं जातंय म्हणून?

या खेपेला त्याने टेप लावली आणि पुन्हा लावली. पाच सूत. दोन्हीकडे पाचच. तीन महिन्यांपूर्वी बाई येऊन गेल्या होत्या, तेव्हा तर ओळीत होते!

"धक्क्यांनी पाया निखळला," तो पुटपुटला. दुसरं काही सुचलंच नाही त्याला. त्याने उकरायला घेतलं. पहार खांबाच्या बुडाशी घालून सगळं वजन टाकलं. कंबर कडकडली, खांब जागचा हलेना. पुन्हा टाकलं, तेव्हा हलला. तेवढ्यात खालून एक धक्का आला. पहार त्याच्या हातात थरथरली, घमेल्यातला माल कडेला सांडला. तो तसाच खांबाला मिठी मारून बसला. थांबल्यावर त्याने आधी काय केलं असेल, तर दोरी बघितली. खांब ओळीत आला होता. मग फटीत माल भरला. पाचव्याचंही तेच. अंधार पडायच्या आत सगळं चोपून, गवत पसरून तो परतला. तळहाताला दोन फोड आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. बरोबर एक चष्मेवाला मदतनीस आणि मागोमाग साहेबांची जीप. अर्धं गाव उतारावर चढलं. शिंपी सगळ्यांत पुढे.

बाईंनी तिवई लावली, दुर्बिणीला डोळा लावला. लोक असे गप्प की दूरच्या ओढ्याचं पाणी ऐकू यावं. बाईंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मदतनिसाला बघायला लावलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तसूभरही हललेले नाहीत. इतके धक्के बसले, आणि ओळ जशीच्या तशी. मिस्त्री, अशी ओळ मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही."

लोक ओळंब्याकडे बघून हसले. शिंप्याने पाठीत थाप मारली. "अरे, भूकंपालासुद्धा दम आहे का याचं काम वाकडं करायचा!"

ओळंब्याही हसला. त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

"पण बाई," साहेब म्हणाले, "मला समजेल असं सांगा. हे खांब कशासाठी?"

बाईंनी वाळकी काटकी उचलली आणि तिसऱ्या-चौथ्या खांबांच्या मधे जाऊन मातीत एक रेघ ओढली. "साहेब, या उताराखाली जमिनीत एक जुनी भेग आहे. तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मधून जाते. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून सरकायला बघतात. त्या सरकत असत्या, तर पहिले तीन खांब आहेत तिथेच राहिले असते आणि पुढचे दोन डावीकडे गेले असते. दोन्ही. आणि दोन्ही सारखेच."

ओळंब्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. आवरायचं त्याला सुचलं नाही.

"आणि हळूहळू सरकता सरकता एकदम जास्त सरकायला लागले," बाई पुढे म्हणाल्या, "तर मी तुम्हाला हात जोडून म्हटलं असतं, एक माणूसही आत पाठवू नका. तारीख वार मी सांगू शकत नाही, जगात कुणालाच सांगता येत नाही. पण इथे तर काहीच नाही. धक्के लांबच्या डोंगराखालचे दिसतात. मी लेखी हमी देणार नाही, पण खांब तरी गप्प आहेत."

"झालं तर मग!" साहेबांना एवढंच हवं होतं. "चला रे, आपापल्या घरी. पोरंबाळं गारठली."

हो हो करत लोक खाली धावले. कुणी कागद सोडायला लागलं, कुणी गाद्या डोक्यावर घेतल्या. ओळंब्या जागचा हलला नाही. बाईंनी ओढलेली रेघ त्याच्या पायाशी होती. त्या रेघेवर उभं राहून त्याने नकळत खाली नजर टाकली, गवंडी जशी टाकतो तशी, एक डोळा मिटून. रेघ, पुढे जांभळाचं झाड, त्यापुढे वाकडा झालेला कुंपणाचा डांब, आणि नेमक्या त्याच ओळीत त्याच्या स्वतःच्या घराचा मागचा कोपरा.

बोलावं, आत्ताच बोलावं, असं मनात आलं. तोंड उघडलं. बाईंनी वळून विचारलं, "काय मिस्त्री?"

"काही नाही," तो म्हणाला. "चहा घेणार का?"

घरी आला तेव्हा बायकोने चूल पेटवली होती. घर उबदार झालं होतं. सूनबाई न्हाऊन आली होती, केस पुसत होती. बावीस दिवसांनी तिच्या तोंडावर रंग आला होता. बाळ मागच्या भिंतीला लागून दुपट्यात झोपलं होतं. खोकत नव्हतं.

"बघा कसा गप्प निजलाय," सून म्हणाली. "ऊब मिळाली ना, बाबा."

ओळंब्या भिंतीकडे बघत होता. मागच्या कोपऱ्यात खालपासून वरपर्यंत गिलाव्याचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा पांढरा होता. दर वर्षी तिथे भेग पडायची आणि दर वर्षी तो लिंपायचा. भिंत नवी आहे, बसतेय, असं म्हणत. अकरा वर्षांची भिंत, आणि नवी!

त्याने बाळाला उचलून सुनेच्या हातात दिलं. करणी घेतली आणि टोकाने पट्टा खरवडायला लागला. पापुद्रे पडत गेले. आत एक पट्टा, त्याच्या आत आणखी एक. मग भेग लागली. त्याने करंगळी घातली. करंगळी गेली. अंगठा घातला, तोही गेला.

"काय चालवलंय हे?" बायको चुलीपासून ओरडली. "आत्ता कुठे घर झाडलं!"

"बाहेर चला," ओळंब्या म्हणाला. "दोघी बाहेर चला."

"अहो, बाई म्हणाल्या ना..."

"बाईंना काय माहीत! बाईंना मी फसवलंय." तो खाली बसला, भिंतीला टेकायला गेला आणि चटका बसल्यासारखा पुढे सरकला. मग त्याने सांगितलं. पहिल्या वर्षीचं अर्धं सूत, पहार, माल, गवत, काल दुपारचे पाच सूत, सगळं. सांगताना तो बायकोकडे बघत नव्हता, चुलीकडे बघत होता.

"चार वर्षं?" बायको म्हणाली.

"मला वाटलं माझाच पाया कच्चा."

"आणि आत्ता कळलं, तरी तिथून मुकाट्याने आलात?"

"सगळ्यांसमोर कसं सांगू? तीस वर्षं ओळंब्या म्हणून जगलो. नाक कापलं जाईल माझं."

"अहो, नाकाचं काय घेऊन बसलात? इथे सगळ्या गावाच्या माना अडकल्यात!" तिने उकळतं पातेलं उतरवलं, चुलीत पाणी ओतलं. फस्स करून धूर झाला. "मी हिला घेऊन बाहेर निघते. तुम्ही जा. आधी जा. त्यांची गाडी निघून गेली, तर या पोराची शप्पथ, तुमचं तोंड बघणार नाही."

ओळंब्या धावला. साठीला टेकलेला माणूस, एका पायात वहाण, एक वाटेत पडली. जीप चावडीपाशी उभी होती, बाई तिवई बांधत होत्या, साहेब कपातला चहा संपवत होते, आणि शिंपी काहीतरी सांगून त्यांना हसवत होता.

"बाई, थांबा," ओळंब्या म्हणाला. "ते खांब मी सरळ केलेत."

"हो, तुम्हीच बांधलेत ना," बाई म्हणाल्या.

"तसं नाही. सरले होते. दर वर्षी सरायचे. तुम्ही यायच्या आधी मी ओळीत घ्यायचो. कालसुद्धा घेतले."

शिंप्याचं हसणं तोंडातच राहिलं. साहेबांनी कप जीपच्या टपावर आदळला. "मिस्त्री, अक्कल गहाण टाकली होती का? सरकारचं काम हे! तुला हात लावू नको सांगितलं होतं ना? आत घालीन तुला!" आणखी बरंच बोलले. ओळंब्या मान खाली घालून ऐकत होता. चावडीवर माणसं जमत होती. न्हावी आला, पोस्टमन आला, ज्यांची घरं त्याने बांधली होती ते सगळे आले. "कुणाचे खांब सरले? ओळंब्याचे?" असं कुणीतरी विचारलं, आणि ते त्याला साहेबांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

बाई मात्र ओरडल्या नाहीत. "किती सरले होते?" त्यांनी हळू विचारलं. "आठवतंय? साधारण?"

"साधारण कशाला? दाखवतो की. सगळं तिथेच आहे."

पुन्हा सगळे उतारावर गेले. ओळंब्याने चौथ्या खांबाच्या डाव्या अंगाची माती काढली, मग छिन्नी हातोडी घेऊन बुडाशी एक उभा छेद घेतला. हातावरचे फोड फुटले, दांडा ओला झाला. त्याने पदराने पुसावं तसं शर्टाच्या टोकाने छेद पुसला आणि बाजूला झाला.

खांबाला लागून मालाच्या पट्ट्या उभ्या होत्या, एकीला चिकटून दुसरी.

"ही सगळ्यांत लांबची, पांढरी, पहिल्या वर्षीची. तेव्हा नदीची वाळू होती. ही काळी, दुसऱ्या वर्षीची. या लालीत विटेचा चुरा आहे. ही करडी चौथी. आणि ही खांबाजवळची ओली, कालची."

बाईंनी गुडघे टेकले. पट्ट्यांना मोजपट्टी लावली, चष्मेवाल्याला आकडे सांगितले. मग पाचव्या खांबाशीही तसाच छेद घ्यायला लावला. तिथेही त्याच पट्ट्या, तेवढ्याच जाडीच्या.

"अर्धं, अर्धं, एक, एक," ओळंब्या म्हणाला. "चार वर्षांत मिळून तीन सूत. आणि या तीन महिन्यांत पाच."

"इतकी सरळ ओळ कुठेच नसते," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "मलाच कळायला हवं होतं." त्या उठल्या, साहेबांकडे वळल्या. "साहेब, हात जोडते. मघाशी म्हटलं होतं ना, तसे जोडते. सगळ्यांना बाहेर काढा."

"अहो, आत्ताच तर आत पाठवले!"

"मग आत्ताच बाहेर काढा."

लोक पुन्हा बाहेर आले, पण कसे? शिव्या देत. गाद्या पुन्हा डोक्यावर, कागद पुन्हा ताणलेले. आणि या वेळी शिव्या भूकंपाला नव्हत्या. पाण्याच्या टाकीवर बायका ओळंब्याच्या बायकोला बघून गप्प होत. न्हाव्याने त्याची दाढी करायला नकार दिला नाही, पण सगळा वेळ एक शब्दही बोलला नाही.

बाई यंत्रं घेऊन तासाभराच्या अंतरावरच्या विश्रामगृहात राहिल्या. ओळंब्याला त्यांनी एकच काम दिलं. रोज सकाळ दुपार दोरी लावायची, मोजायचं, फोनवर सांगायचं. "आणि मिस्त्री, काहीही झालं तरी..."

"हात लावणार नाही," ओळंब्या म्हणाला.

पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी पाव सूत. वाकडं झालेलं बघायचं आणि तसंच सोडून यायचं, हे त्याच्याने होईना. हात शिवशिवायचे. तो ते काखेत दाबून बसायचा. सातव्या दिवशी अर्धं झालं. धक्के मात्र थांबले होते. दुसऱ्या दिवसानंतर एकही नाही, आणि त्यामुळेच ओळंब्याची झोप गेली. जेवताना पाण्याच्या तांब्याकडे बघायचा. बाळाचा खोकला पुन्हा सुरू झाला होता. प्रत्येक खोकल्यासरशी बायको त्याच्याकडे बघायची.

"ओळंब्या, थांबलाय रे भूकंप," शिंपी म्हणाला. आठव्या दिवशी त्याने आपली गादी सरळ घरात नेली. "त्याला तुझी लाज वाटली. मी आपला मशीनवर बसतो. लोकांचे कपडे खोळंबलेत." त्याच्यामागे आणखी पाचसहा घरं आत गेली. साहेबांचा माणूस ओरडून ओरडून थकला.

नववा दिवस उजाडला. ओळंब्याने दोरी ताणली, आडवा झाला. एक सूत. काल दुपारपासून अर्धं वाढलं होतं. त्याने फोन लावला.

"दुपारी बघू नका, तासातासाने बघा," बाई म्हणाल्या. "मी निघतेच."

"आज होईल का, बाई?"

"मला माहीत नाही, मिस्त्री. खरंच माहीत नाही. होईल, किंवा महिनाभर होणार नाही."

तासाने तो पुन्हा आडवा झाला. दोन सूत. डोळे चोळून बघितलं, टेप लावली. दोनच. टेप धरलेली असतानाच त्याला वाटलं की खिळा टेपवर सरकतोय. असं माणसाला दिसत नसतं, हे त्याला कळत होतं, पण वाटलं. तो उठला, घमेलं उचललं आणि करणीच्या मुठीने बडवत खाली धावला.

"बाहेर या! बाहेर या रे!"

घणघण ऐकून माणसं दारात आली. "पुन्हा याचं सुरू झालं," कुणीतरी म्हणालं. पण ओळंब्याचं तोंड बघून पोस्टमनने म्हाताऱ्या आईला पाठंगुळी घेतलं, आणि एक निघाला तसे बाकीचे निघाले. वावरात सगळे जमले. बायको होती, सून होती, बाळ तिच्या खांद्यावर. ओळंब्याने माणसं मोजली. कडेच्या बाभळीच्या फांदीला त्याने खिशातला ओळंबा बांधून सोडला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. सवय.

"शिंपी कुठाय?"

शिंप्याच्या घरातून मशीनची खडखड येत होती. ओळंब्या धावला. आत शिंपी कुणाचा तरी सदरा शिवत बसला होता. ओळंब्याने त्याची मानगूट धरली. "सोड!" शिंपी ओरडला. "एवढी शिवण तरी घालू दे!" ओळंब्याने त्याला उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं. तेवढ्यात वावरातून ओळंब्याच्या बायकोची किंकाळी आली.

"अहो, ओळंबा! ओळंबा हलतोय!"

वारं नव्हतं. फांदी हलत नव्हती. पितळी लट्टू एकटाच डुलत होता, आणि मग खालून आवाज आला. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी असा आवाज ऐकला नव्हता. जमीन पायाखालून निघून गेली. ओळंब्या तोंडावर पडला, शिंप्याची मानगूट सुटली. धूळ, कौलं, बायकांचं ओरडणं, आणि हे थांबेचना. तो मातीला बोटं रोवून पडून होता आणि थांब, थांब, असं म्हणत होता, कुणाला ते देवच जाणे.

थांबलं तेव्हा आधी काही दिसेना. मग धुळीतून त्याला त्याचं घर दिसलं. म्हणजे दिसायला हवं होतं तिथे ते नव्हतं. मागची भिंत आडवी झाली होती, बाळ झोपलं होतं त्या जागेवर दगडांचा ढीग होता. बाळ वावरात रडत होतं, खोकत होतं, पुन्हा रडत होतं. ओळंब्या ते ऐकत बसला. उठायला हवं हे त्याच्या ध्यानातच येईना.

"ओळंब्या," बाजूने शिंप्याचा आवाज आला. उंबऱ्यापाशी त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत दगडांखाली होता. चेहरा धुळीने पांढरा. "ही भिंत तुझ्याच हातची ना रे?"

"माझ्याच."

"पडली पण सरळ पडली हो," शिंपी म्हणाला, आणि रडायला लागला.

माणसं धावली, दगड उचलले, शिंप्याला बाजेवर घालून नेलं. गावात उभी अशी सात घरं राहिली होती. पाच जणांना लागलं होतं, गोठ्यातल्या चार गाई गेल्या होत्या. माणूस एकही गेला नव्हता. ओळंब्याने तीनदा मोजलं.

बाईंची जीप वाटेतच अडली, रस्ता फाटला होता. त्या चालत आल्या तेव्हा उन्हं कलली होती. ओळंब्या उतारावर बसला होता, दोन्ही हात काखेत. पाचही खांब उभे होते. पहिले तीन होते तिथे. बाईंनी तिवई आणली नव्हती, तिची गरजही नव्हती.

"किती, मिस्त्री?" त्यांनी विचारलं.

ओळंब्या उठला. पहिल्या तिन्ही खिळ्यांवरून चौथ्यापर्यंत सरळ दोरी धरली आणि दोरी ते खिळा हे अंतर हाताने मापलं. बोटांची नखं फुटलेली होती, रक्त सुकलं होतं.

"एक वीत आणि चार बोटं," तो म्हणाला. मग घाईने पुढे म्हणाला, "बाई, मी हात लावलेला नाही."